न फुगताच गेलेला कंडेन्सर

मे महिन्यात पंखा मंदावला की गडचिरोलीतल्या मुलचेऱ्यात कुणी तज्ज्ञ शोधत नाही. ‘कंडेन्सर गेला’ हे निदान घरातच होतं. अडीच मायक्रोफॅरडचा नवा आणायचा, दोन वायरी जोडायच्या, झालं. पुस्तकं ज्याला कपॅसिटर म्हणतात तो हाच.

हीच वस्तू तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपमध्ये शोधायला गेलं, की सोपेपणा संपतो. अ‍ॅपलचा १९८९ सालचा मॅकिंटॉश पोर्टेबल घ्या किंवा त्या काळातलं दुसरं कुठलं यंत्र. बोर्डावर हरभऱ्याएवढ्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्या दिसतील. पंख्याचा कंडेन्सर कोरडा, प्लास्टिकच्या फितीचा; हा ओला. आत धातूच्या दोन पट्ट्या आणि मध्ये द्रवात भिजलेला कागद. हा द्रव वाळतो, नाहीतर बुडाच्या रबरी बुचाकडून पाझरतो.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा इथे आडवा येतो. डबीवर १०५ अंश, २००० तास असं आयुष्य दिलेलं असतं आणि तापमान दर १० अंशांनी उतरलं की ते दुप्पट होतं, असा ढोबळ हिशेब आहे. पेटीच्या आत खोलीपेक्षा २० अंश जास्त धरा. २५ अंशांच्या खोलीत १,२८,००० तास मिळतात. ४५ अंशांत ३२,०००. म्हणजे चौथाई. तेही यंत्र चांगल्या मालाचं असेल तर.

असं जुनं यंत्र हाती आलं की पहिला नियम: ‘आधी चालू करून बघू’ म्हणायचं नाही. झिरपलेला द्रव तांब्याच्या रेषा खातो आणि त्यात वीज सोडली की एकाच्या जागी चार भाग जातात. त्याऐवजी भिंग घ्या. डबीच्या पायाजवळचं झाळकाम चकचकीत न राहता राखाडी, मळकट झालंय का? सोल्डरिंग गन टेकवताच कुजलेल्या मासळीचा वास आला, तर मीटर बाहेर काढायचीही गरज नाही.

डबी फुगलेली नाही म्हणून ती निर्दोष, हा समज मात्र सोडावा. तो १९९९ ते २००७ दरम्यानच्या मदरबोर्डांनी लावला. त्यांच्या कंडेन्सरची डोकी खरंच फुगायची. या चिमुकल्या डब्या खालून गळतात, वरून सपाटच राहतात.

आता मीटर. साधा मल्टिमीटर १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ९५ दाखवतो आणि आपण खूश होतो. विहिरीत पाणी आहे, पण फुटव्हॉल्व्ह गाळाने चोंदलाय, असा हा प्रकार. बघायचा तो आतला रोध, म्हणजे ईएसआर. त्याचा मीटर वेगळा मिळतो. या मापाच्या धडधाकट डबीत तो ओहमच्या आसपास असतो, गेलेलीत दहा-वीसवर जातो. मोजण्याआधी बॅटरी काढा, साठलेला भार उतरवा. बोर्डावरच मायक्रोफॅरड मोजू नका. समांतर जोडलेल्या शेजाऱ्यांची बेरीज हाती येते.

मीटर नसेल आणि भिंगातून गळती दिसत नसेल, तर डिसेंबरची सकाळ आहेच. गारठ्यात द्रवाचा रोध वाढतो. सकाळी सातला मुकं राहिलेलं यंत्र दुपारच्या उन्हात सुरू झालं, तर संशय आधी कंडेन्सरवर घ्यावा.

बदलताना एवढं पाहा: अ‍ॅल्युमिनियमच्या डबीवरची काळी खूण ऋण बाजूची असते, टँटालमच्या चौकोनी तुकड्यावरची पट्टी धन बाजूची. तो उलटा बसला तर पेटतो.