कोड सोपा, वही अवघड

१८ फेब्रुवारी २०२७ पासून युरोपीय संघाच्या बाजारात येणाऱ्या प्रत्येक विजेवरच्या मोटारीच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागेल. ई-स्कूटर, ई-सायकल आणि दोन किलोवॅट-तासांहून मोठ्या औद्योगिक बॅटऱ्याही त्यातून सुटलेल्या नाहीत. बॅटरीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की ती कुणी, कुठे, कधी बनवली आणि तिच्यात कोणती रसायनं आहेत, हे समोर येईल. ही तरतूद २०२३ च्या बॅटरी नियमावलीतली. २०२४ च्या इकोडिझाइन नियमावलीने हीच वाट कपडे, पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, टायर आणि फर्निचरसाठीही मोकळी केली.

कोडचं तंत्र जुनंच आहे. १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि सहकाऱ्यांनी तो मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला बनवला. कारखान्यात डबे तेलकट होतात, खरचटतात. म्हणून कोडमध्ये मूळ माहितीच्या जोडीला गणिताने काढलेला जादा मजकूर पेरलेला असतो. सर्वांत कडक पातळीवर सुमारे ३० टक्के भाग बिघडला तरी उरलेल्यावरून सगळं परत जुळवता येतं. मात्र पासपोर्ट काही त्या चौकोनात मावत नाही. तिथे फक्त एक क्रमांक आणि पत्ता. बाकी माहिती दुसरीकडे साठवलेली, आणि तिची जबाबदारी बॅटरी बाजारात आणणाऱ्यावर.

हा क्रमांक मॉडेलचा नसून त्या एकाच बॅटरीचा असतो, आणि त्याला कारण आहे. एकाच दिवशी एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन बॅटऱ्या सारख्या म्हाताऱ्या होत नाहीत. चार्जिंग करताना ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडवर एक पातळ थर साचत जातो आणि त्यात थोडंथोडं लिथियम कायमचं अडकतं. भर उन्हात तापलेल्या बॅटरीत हे वेगाने होतं, थंड गॅरेजमधल्या बॅटरीत हळू. म्हणून क्षमता किती उरली, चार्जिंगची आवर्तनं किती झाली, अपघात झाला का, याही नोंदी पासपोर्टमध्ये अपेक्षित आहेत. गाडीला नकोशी झालेली बॅटरी सौरऊर्जा साठवायला चालू शकते. पण आज ती विकत घेणाऱ्याला आधी तपासण्यांवर पैसे घालवावे लागतात. पुनर्वापर करणाऱ्याचीही हीच अडचण. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत कोबाल्ट मुळीच नसतं, निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या बॅटरीत असतं, आणि बाहेरून दोन्ही खोकी सारखीच! ऑगस्ट २०३१ पासून तर नव्या बॅटरीतल्या कोबाल्टपैकी किमान १६ टक्के आणि लिथियमपैकी ६ टक्के पुनर्वापरातलं असल्याचं कागदोपत्री दाखवावं लागेल.

सगळी माहिती सगळ्यांना दिसणार नाही. ग्राहकाला थोडी, दुरुस्ती आणि पुनर्वापर करणाऱ्यांना जास्त, तपासणी यंत्रणांना आणखी. व्यापारी गुपितांची धास्ती घेतलेल्यांना एवढं पुरेसं असावं.

खरी कसोटी वेगळ्या जागी आहे, आणि ती यंत्रमागांच्या इचलकरंजीत चांगली दिसते. कापडाचे तपशीलवार नियम अजून ठरायचे आहेत. पण सूत गिरणीतून सायझिंगला, म्हणजे खळ लावायला, जातं, तिथून ताण्याचा बीम मागावर चढतो, ग्रे कापड व्यापाऱ्याकडे आणि पुढे प्रोसेसिंगला जातं. शेवटी ते कुठे शिवलं जातं आणि कुठल्या देशात विकलं जातं, हे मागवाल्याला बहुधा ठाऊकही नसतं. खर्चीवाल्या यंत्रमागधारकाचं तर सूतही स्वतःचं नाही आणि कापडही नाही. वाटेत दोन लॉट मिसळले, तर टोकाला बसलेल्या निर्यातदाराच्या संगणकात जे भरलं जाईल तो निव्वळ अंदाज असेल. सुताला दोन-तीन टक्के स्पॅन्डेक्सची जोड असेल आणि ती कुठेच लिहिलेली नसेल, तर जुने कपडे पिंजून पुन्हा सूत काढणाऱ्याची पंचाईत होते. हे ताणले जाणारे धागे यंत्रात नीट सुटत नाहीत.

त्यामुळे तयारीच्या नावाखाली आधी महागडं सॉफ्टवेअर घेणं मला उलटं वाटतं. सुताच्या पोत्यावरचा लॉट नंबर बीमच्या चिठ्ठीवर आणि पुढे प्रत्येक चलनावर उतरला, तर संगणकात भरायला खरं काही हाती येईल. अडचण अशी की खर्चीवाल्याला मजुरी मिळते ती ‘पिका’च्या, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या, हिशेबाने, आणि नोंदी ठेवायच्या कामाला त्या हिशेबात रकानाच नाही. तो खर्च व्यापाऱ्याने सोसायचा की निर्यातदाराने, हा सौदा युरोपचे तपशील हाती येण्याआधीच बसून ठरवावा लागेल.