धानाचा हंगाम आणि हिशेबाची दुसरी प्रत

बँकेच्या शाखेत तिजोरीच्या किल्ल्यांचे दोन संच असतात. एक संच शाखेतील दोघांच्या संयुक्त ताब्यात, रोजच्या वापरात असतो. दुसरा मोहोरबंद करून अन्य शाखेच्या स्वाधीन केलेला असतो. हा दुसरा संच त्याच इमारतीत, त्याच टेबलाच्या खणात ठेवावा, असे कोणाही शाखाधिकाऱ्याच्या मनात येत नाही. शाखांच्या संगणकीकरणाच्या पहिल्या पर्वातही हीच शिस्त पाळली गेली. १९९० च्या दशकात दिवसभराच्या नोंदींची प्रत कामकाजाच्या अखेरीस टेपवर उतरवली जाई. टेपवर वाराचे नाव लिहिलेले असे आणि एक प्रत शाखेबाहेर ठेवण्याचा दंडक असे. ‘डे-एंड’ आटोपून रात्री उशिरा घरी निघताना पिशवीत जपून ठेवलेली ती टेप अनेक ज्येष्ठ कर्मचाऱ्यांच्या स्मरणात असेल. पुढे कोअर बँकिंग आले, खाती डेटा सेंटरमध्ये गेली आणि शाखेतील ही जबाबदारी संपली. तिच्याबरोबर ती सवयही गेली, हे मात्र मान्य करावे लागेल.

आज शाखेच्या त्या जुन्या जागी ग्राहक उभा आहे. स्वतःचा सर्व्हर, स्वतःच्या खतावण्या, आणि त्यांची प्रत घेणारे मुख्य कार्यालय मात्र नाही, अशी त्याची स्थिती आहे. ही स्थिती किती नाजूक आहे हे पाहायचे, तर छत्तीसगडची राजधानी रायपूर हे शहर उत्तम उदाहरण ठरेल.

मराठी माणसाला रायपूर परके नाही. नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी १७५८ मध्ये रतनपुरास येऊन राहिले, तेव्हापासून या प्रांताशी आपले नाते आहे. रायपुरातील महाराष्ट्र मंडळ आजही तेथील मराठी कुटुंबांचे हक्काचे ठिकाण आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य स्थापन झाल्यावर शहराचा विस्तार झपाट्याने झाला. उरला आणि सिलतरा येथे औद्योगिक वसाहती वाढल्या. ३ मे २०२५ रोजी नवा रायपूर येथे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या डेटा सेंटर पार्कचे भूमिपूजनही झाले. परंतु या शहराचे वर्षाचे गणित अजूनही धानावर बसते. नोव्हेंबरात सुरू होऊन जानेवारीअखेरपर्यंत चालणारी सरकारी धानखरेदी म्हणजे शेतकरी, सहकारी समित्या, राइस मिल आणि बँका या सर्वांचाच हंगाम.

या खरेदीच्या संगणकीकरणाची हकीकत सांगण्याजोगी आहे. २००७-०८ च्या खरीप हंगामात राज्यातील सुमारे दीड हजार खरेदी केंद्रांवर संगणक पोहोचले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, यांच्या प्रणालीतून धानाची आवक, वजन आणि शेतकऱ्याचे देणे यांची नोंद होऊ लागली. त्या काळी खेड्यापाड्यांत इंटरनेटची जोडणी बेभरवशाची होती. म्हणून केंद्रावरील संगणक जोडणीवाचूनही चालेल अशी योजना होती, आणि दिवसभराच्या नोंदी नंतर रायपूरच्या मध्यवर्ती सर्व्हरकडे पाठविल्या जात. जेथे तारेने जाणे शक्य नव्हते तेथील माहिती दुचाकीवरून जवळच्या ठिकाणी नेऊन चढवली जाई. ही व्यवस्था प्रामुख्याने माहिती गोळा करण्यासाठी होती. पण तिच्यामुळे एकच नोंद दोन ठिकाणी राहू लागली, हा लाभही लहान नव्हता.

शासनाची बाजू अशी सांभाळली गेली. आता मिलमालकाच्या कार्यालयात डोकावू या. कस्टम मिलिंगमध्ये मिलमालक सरकारी धान उचलतो, त्यासाठी मार्कफेडला बँक गॅरंटी देतो आणि ठरलेल्या प्रमाणात तांदूळ जमा करतो. अरवा तांदळासाठी हे प्रमाण क्विंटलमागे ६७ किलो, तर उसना तांदळासाठी ६८ किलो असे आहे. किती धान आले, किती तांदूळ गेला, किती बारदाना शिल्लक, कोणत्या गाडीचे भाडे राहिले, ही सारी माहिती एका टेबलाखालच्या सर्व्हरमध्ये असते. तो सर्व्हर ऐन जानेवारीत बंद पडला तर?

मिल फिरत राहील, तांदूळ निघत राहील. परंतु कॅश क्रेडिट खात्याची ड्रॉइंग पॉवर ही स्टॉक स्टेटमेंटवरून काढली जाते. तीन महिन्यांहून जुन्या स्टेटमेंटवर आधारलेली उचल अनियमित समजली जाते. अशी उचल सलग ९० दिवस चालू राहिली, तर उद्योग सुरू असूनही ते खाते अनुत्पादक ठरते. हा रिझर्व्ह बँकेच्या नियमांचा अर्थ आहे आणि त्यात शाखाधिकाऱ्याची मर्जी चालत नाही. ज्या मिलमालकाने एकही हप्ता बुडवला नाही, त्याचे खाते केवळ साठ्याचा हिशेब उभा करता न आल्यामुळे धोक्यात येऊ शकते. डिस्कची किंमत काही हजार रुपये असते. तिच्यावरील नोंदींची किंमत अशा वेळी कळते.

नॅस म्हणजे काय?

यावर उपाय म्हणून संगणक विक्रेते हल्ली एक लहान पेटी सुचवतात. ‘नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज’ या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘नॅस’ म्हणतात. आत दोन वा चार हार्ड डिस्क, स्वतःचा छोटा प्रोसेसर आणि मागे नेटवर्कची केबल, एवढाच तिचा संसार. ती सर्व्हरच्या पोटात बसत नाही. कार्यालयातील नेटवर्कवर वेगळा पत्ता घेऊन राहते आणि आपल्यातील एखादे फोल्डर सर्व्हरला वापरायला देते. विंडोज सर्व्हर हे काम ‘एसएमबी’ या पद्धतीने करतात, तर लिनक्स सर्व्हर बहुधा ‘एनएफएस’ने. ही दुसरी पद्धत सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणली. म्हणजे कल्पना जुनीच आहे, फक्त पेटी स्वस्त झाली.

वेगाचा हिशेब आधीच करावा. गिगाबिट नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट जातात, त्यामुळे १ टेराबाइट माहिती उतरायला अडीच तास लागतात. जुना १०० मेगाबिटचा स्विच मध्ये असेल, तर त्याच कामाला अख्खा दिवस जातो. मिलचे हिशेब काही गिगाबाइटचेच असतात, ते काही मिनिटांत उतरतात. यूपीएस घेताना सर्व्हर आणि नॅस यांची आठवण राहते, त्यांच्यामधल्या हातभर स्विचची राहत नाही. वीज गेली की दोन्ही टोके जिवंत आणि मधला पूल कोसळलेला, असा प्रकार होतो. रायपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा वेळी ही पेटी बंद कपाटात ठेवणे म्हणजे डिस्कचे आयुष्य कमी करणे होय.

जोडणीतील चकवे

जोडणी अर्ध्या तासात होते. गफलत होते ती त्यानंतर, आणि ती महिनोन्महिने कळत नाही.

लिनक्स सर्व्हरवर नॅसमधील फोल्डर हे सर्व्हरच्याच एका रिकाम्या फोल्डरवर ‘माउंट’ केले जाते. केबल सैल झाली किंवा सर्व्हर पुन्हा सुरू होताना नॅस बंद होती, तर ते माउंट होत नाही. मूळचे रिकामे फोल्डर मात्र जागेवरच असते. रात्रीचा बॅकअप निमूटपणे त्यातच, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर, लिहिला जातो. सकाळी पाहणाऱ्याला ‘यशस्वी’ असा शेरा दिसतो. जी डिस्क वाचवायची, तिच्यावरच तिची प्रत! यावर साधा तोडगा आहे. नॅसवर खुणेची एक लहान फाइल ठेवावी, आणि ती दिसल्याखेरीज बॅकअप सुरू होऊ नये अशी सूचना आज्ञावलीत घालावी.

विंडोजमध्ये चकवा निराळा. लेखापाल लॉगइन केल्यावर त्याला नॅस ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून दिसते आणि तो बॅकअपलाही तोच पत्ता देतो. परंतु ड्राइव्हचे अक्षर त्या लॉगइनपुरतेच असते. रात्री दोन वाजता दुसऱ्याच खात्याखाली चालणाऱ्या बॅकअपला झेड ड्राइव्ह दिसत नाही. म्हणून अक्षर न देता नॅसचा आणि फोल्डरचा पूर्ण नेटवर्क-पत्ता द्यावा लागतो.

आणखी एक समज दूर करणे आवश्यक आहे. नॅसमधील दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिला जातो, त्या रचनेला ‘रेड’ म्हणतात. एक डिस्क बिघडली तर काम थांबत नाही, एवढाच तिचा उपयोग. चुकून पुसलेली खतावणी दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. तसेच, हिशेबाची प्रणाली उघडी असताना तिच्या फाइली नुसत्या उचलून ठेवल्या, तर प्रत अर्धवट निघण्याचा संभव असतो. प्रणालीची स्वतःची बॅकअप सोय वापरून जी प्रत निघेल तीच नॅसवर पाठवावी.

सदैव उघडे दार

येथवर सारे जमले तरी मूळ अडचण शिल्लक राहते. सर्व्हरला नॅसवर लिहिता येते, म्हणूनच ती उपयोगी. पण सर्व्हरमध्ये शिरलेल्या घुसखोरालाही त्याच वाटेने नॅसवर लिहिता येते. खंडणीखोर प्रणाली, म्हणजे रॅन्समवेअर, जोडलेली प्रत्येक जागा शोधते आणि मूळ नोंदींबरोबर प्रतीही कुलूपबंद करते. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या रॅन्समवेअरने तर सर्व्हरची वाटही धरली नाही. इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या नॅस पेट्यांवरच ते थेट तुटून पडले आणि प्रत्येक पेटीमागे ०.०३ बिटकॉइनची खंडणी मागू लागले. घरी बसून फाइली पाहता याव्यात म्हणून राउटरमध्ये करून ठेवलेली सोय अनेकांना अशी भोवली.

याउलट उदाहरण दिल्लीच्या ‘एम्स’चे आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तेथील सर्व्हरवर हल्ला झाला. नोंदणी, दाखले, तपासण्या यांचा कारभार सुमारे दोन आठवडे हाताने करावा लागला. तरीही ई-हॉस्पिटल प्रणालीतील माहिती परत मिळाली, कारण तिचा एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून सुटला होता. शासनाने संसदेत हीच माहिती दिली.

आगीचे उदाहरणही बोलके आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून गेली. काही ग्राहकांनी पैसे मोजून घेतलेला बॅकअपही त्याच आवारात होता, आणि तोही गेला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील डेजॉन येथे सरकारी डेटा सेंटरला आग लागली. तेथे कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाइलींचा ८५८ टेराबाइटचा साठा नष्ट झाला. साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. एवढ्या प्रगत राष्ट्राने किल्ल्यांचे दोन्ही संच एकाच खणात ठेवावेत, याचे बँकेच्या माणसाला नवल वाटल्यावाचून राहणार नाही.

म्हणून नॅस ही पहिली प्रत समजावी, अखेरची नव्हे. नॅसवर बॅकअपसाठी वेगळे खाते उघडावे आणि त्याचा पासवर्ड अन्य कोठेही वापरू नये. नॅसमध्ये ‘स्नॅपशॉट’ची सोय असल्यास ती सुरू करावी. त्यामुळे आजची फाइल बिघडली तरी परवाची मिळते, मात्र नॅसच्या व्यवस्थापकाचा पासवर्ड घुसखोराच्या हाती पडला नसेल तर. याशिवाय दोन वेगळ्या हार्ड डिस्क घेऊन त्यांवर आळीपाळीने आठवड्याची प्रत घ्यावी आणि काम होताच डिस्क काढून घ्यावी. जी डिस्क कोणत्याही तारेला जोडलेली नाही, तिच्यापर्यंत कोणताही घुसखोर पोहोचत नाही. तिच्यावरील मजकूर पासवर्डने बंदिस्त असावा, हे सांगणे नलगे.

कायदाही याच दिशेने गेला आहे. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार कंपन्यांना संगणकीय हिशेबपुस्तकांची प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे बंधनकारक झाले. त्याआधी नियमात ‘ठरावीक काळाने’ असा सैल शब्दप्रयोग होता. मिल भागीदारीतील असेल तर हा नियम तिला लागू नाही, पण वस्तू व सेवा कराचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपण्याचे बंधन तिलाही आहे. १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टमध्ये २००० साली दुरुस्ती झाली. तेव्हा संगणकातून काढलेला उतारा न्यायालयात मांडताना, माहिती नष्ट झाल्यास ती परत मिळविण्याची काय तजवीज आहे, हेही प्रमाणपत्रात नमूद करण्याची तरतूद आली. बँकेला विचारला जाणारा हा प्रश्न ग्राहकाने स्वतःलाही विचारण्यास हरकत नाही.

त्याचे उत्तर तपासण्याचा मार्ग एकच आहे. तिमाहीतून एकदा, शक्यतो हंगामापूर्वी दिवाळीच्या सुमारास, दुसऱ्या एखाद्या संगणकावर ती प्रत उघडावी. मागील महिन्याचे स्टॉक स्टेटमेंट तिच्यावरून पुन्हा काढावे आणि बँकेत दिलेल्या प्रतीशी ताडून पाहावे. आकडे जुळले नाहीत, तर त्या दिवशी मूळ सर्व्हर सुस्थितीत असतो आणि चूक शोधायला वेळही असतो. या कामाला किती तास लागले तेही लिहून ठेवावे, कारण ऐन जानेवारीत मिलमालक पहिला प्रश्न तोच विचारणार.

राहिला प्रश्न काढून घेतलेली डिस्क ठेवायची कोठे. मालकाच्या घरी ठेवता येते. पण अनेक ग्राहकांकडे आपल्याच शाखेतील लॉकर असतो, आणि त्यात दागिन्यांच्या डब्याशेजारी एवढीशी डिस्क सहज मावते. प्लास्टिकच्या हवाबंद पिशवीत, ओल शोषून घेणारी सिलिका जेलची पुडी घालून ती ठेवावी. लॉकरमध्ये काय आहे याची बँकेकडे नोंद नसते. आग वा चोरीसारख्या प्रसंगी बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच असते, तेव्हा डिस्कवरील मजकुराची भरपाई कोणाकडूनच मिळणार नाही, हे जाणून असावे. आठवड्याची अदलाबदल शनिवारी करण्याचा बेत असेल, तर दुसऱ्या व चौथ्या शनिवारी शाखा बंद असते. त्यापेक्षा शुक्रवार बरा, दुपारची गर्दी ओसरल्यावर.