माळरानाचे वय सांगणारा गाळ

अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत, श्रीगोंदा, जामखेड या तालुक्यांत विस्तीर्ण माळराने आहेत. मधूनच एखादी बाभूळ वा बोर, बाकी सारे गवत. येथे पूर्वी घनदाट अरण्य होते, माणसाने ते तोडले व जाळले आणि मागे उजाड माळ उरला, अशी समजूत रूढ आहे. अशी जमीन पडीक मानून तेथे वृक्षलागवड करण्याकडे आपला कल असतो. या समजुतीची कसोटी पाहणारा पुरावा बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या तळाशी सापडला आहे.

परागांची साक्ष

उल्कापाताने बेसॉल्ट खडकात पडलेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्यातील पाण्याला बाहेर वाट नसल्याने गाळाचे थर एकावर एक साचत गेले. वाऱ्यापाण्याबरोबर आलेले परागकणही त्यांत रुतले. परागाचे बाह्य कवच अतिशय चिवट असते. हवा न पोहोचणाऱ्या चिखलात ते सहस्रावधी वर्षे टिकते. प्रयोगशाळेत आम्लांनी माती विरघळवली, की उरलेले पराग सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून मोजता येतात. गवताचे पराग कोणत्या थरात वाढले आणि वृक्षांचे कोठे घटले, यावरून त्या काळच्या वनश्रीचे चित्र उभे राहते. कोळशाचे सूक्ष्म कण वणव्यांची नोंद देतात, तर किरणोत्सर्गी कार्बनावरून थराचे वय ठरते.

आधी माळ, मग शेती

या गाळाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार सुमारे ६,००० वर्षांपूर्वीपासून मोसमी पाऊस क्षीण होत गेला, वने मागे हटली व वृक्षविरळ गवताळ प्रदेश विस्तारला. या बदलाचे मूळ कारण वणवे वा मानवी हस्तक्षेप नसून पर्जन्यमानातील घट हे होय. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथील शेतकऱ्यांची वसाहत सुमारे सव्वाचार हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे या बदलानंतरची आहे. लोणारहून कमी पावसाच्या कर्जत भागात तर माळरान निसर्गसिद्ध असणे अधिकच संभवनीय ठरते.

निर्णयापूर्वी विचार

अतिचराई व वृक्षतोड यांनी माळाची हानी झाली, हे नाकारता येत नाही. परंतु माळ सुधारणे म्हणजे त्याचे अरण्य करणे नव्हे. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० साली स्थापन झालेल्या अभयारण्यातील काळवीट मोकळ्या गवतावरच जगते. मेंढपाळांचा उदरनिर्वाहही याच गवतावर चालतो. म्हणून ग्रामपंचायतीने गायरानात खड्डे खोदण्याचा ठराव करण्यापूर्वी ही भूमी मुळात वनाची की गवताची, याची खातरजमा करणे अगत्याचे आहे. गवताच्या भूमीवर चराईबंदी व गवताचे संवर्धन हाच खरा विकास ठरेल.