उन्हाळ्यात फोनलाही सावली हवी

अकोला-अमरावतीचा उन्हाळा आपणांस नवा नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा डोक्याला दुपट्टा बांधल्याखेरीज आपण घराबाहेर पडत नाही. फोनची मात्र अशी काळजी सहसा घेतली जात नाही. बहुतेक फोन सुमारे ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी घडविलेले असतात. फार तापल्यास काही फोन आपोआप बंद होतात. आणि उष्माघाताने कुणाला भोवळ येऊन रुग्णवाहिका बोलावण्याची वेळही त्याच भर दुपारची असते.

म्हणून फोन उन्हात, टिनाच्या छपराखाली किंवा उभ्या गाडीत ठेवू नये. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली नको, आणि त्याच वेळी नातवंडांशी लांबलेला व्हिडिओ कॉलही नको. फोन तापलाच तर कव्हर काढून सावलीत ठेवावा. फ्रिजमध्ये ठेवल्यास आत दव साचते. कूलरचा ओला झोतही त्याला सोसत नाही. बॅटरी फुगलेली दिसताच वापर थांबवावा.

घरातील तरुणांनी एक काम आजच करावे. फोनचे लॉक न उघडता ११२ हा आपत्कालीन क्रमांक कसा लावावा, हे वडीलधाऱ्यांना दाखवावे. रुग्णवाहिकेचा १०८ आणि मुलांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावेत. आपला फोन बंद पडला, तरी शेजाऱ्याच्या फोनवरून मदत मागता येईल.