तळ किती वर दिसतो?

लेखमाला : बारावीच्या पलीकडे — लेखांक ६

मालवण तालुक्यातल्या धामापूरच्या तलावाकाठी उभे राहून पाण्यात डोकावले की काठाजवळचा तळ हात घालून गाठता येईल असा वाटतो. पाय टाकणारा फसतो. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये हा तलाव बांधला असे सांगतात. २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तू म्हणून मान्यताही मिळाली. या पाचशे वर्षांत पाण्याने किती जणांना असे चकवले असेल, त्याची मोजदाद नाही. एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा देणाऱ्याला मात्र ही फसगत नेमकी एका गुणाला पडते.

समजा, प्रश्न असा आला : तलावात पाणी ४ मीटर खोल आहे, पाण्याचा अपवर्तनांक ४/३ आहे. वरून सरळ खाली पाहणाऱ्याला तळ किती वर आलेला दिसेल? पर्याय चार : १ मीटर, ४/३ मीटर, ३ मीटर, १६/३ मीटर.

धामापूरची अकरावी-बारावी सायन्सची एखादी मुलगी हे गणित तोंडी करील. खरी खोली भागिले अपवर्तनांक म्हणजे भासमान खोली. चार भागिले चार तृतीयांश, उत्तर तीन. पर्यायांत ३ मीटर दिसतो, ती त्यावर टिचकी मारते आणि वीस सेकंदांत मोकळी होते. उत्तर चुकलेले असते. तळ किती खोल दिसतो हे कोणी विचारलेच नव्हते. विचारले होते, किती वर आलेला दिसतो. तीन मीटरवर दिसतो, म्हणजे एक मीटर वर आला. आणि ‘३ मीटर’ हा पर्याय तिथे योगायोगाने आलेला नाही. पेपर काढणाऱ्याने तो तिच्यासाठीच मांडून ठेवला होता.

हाच प्रश्न बोर्डात असता तर? तिने सूत्र लिहिले असते, किंमती घातल्या असत्या, तीन काढले असते आणि शेवटची वजाबाकी विसरली असती. तपासणाऱ्या सरांनी सूत्राचा अर्धा, किंमतींचा अर्धा असे करत तिला बरेचसे गुण दिले असते. सीईटीचा संगणक सूत्र पाहत नाही.

कोकणातल्या मुलांबाबत ही गोष्ट जरा जास्त गंभीरपणे घ्यावी लागते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ २०१२ पासून दहावी-बारावीच्या निकालात राज्यात पहिले येत आहे. २०२५ च्या बारावीत राज्याचा निकाल ९१.८८ टक्के होता, कोकणाचा ९६.७४. दहावीत कोकण ९८.८२ टक्क्यांवर होते. पेपर फुटला, कॉपी सापडली अशा बातम्यांत या भागाचे नाव क्वचितच येते, त्यामुळे हे यश खरे आहे यात शंका नाही. पण नियमित अभ्यास, नीटनेटके अक्षर, व्याख्या शब्दाला शब्द पाठ आणि सुटसुटीत आकृत्या, ज्या सवयींनी हे यश मिळाले, त्यांतल्या निम्म्या सवयींना प्रवेश परीक्षेत काही किंमत नाही. एखाद-दोन सवयी तर नडतात.

सगळ्यात जास्त नडते ती ‘ऑप्शनला टाकण्याची’ सवय. बारावी फिजिक्सचा लेखी पेपर ७० गुणांचा. त्यात बहुपर्यायी प्रश्न फक्त १० गुणांचे आणि एका वाक्यात उत्तरे ८ गुणांची. पुढे दोन गुणांचे बारापैकी आठ, तीन गुणांचे बारापैकी आठ आणि चार गुणांचे पाचपैकी तीन प्रश्न सोडवायचे असतात. ज्याला हा आराखडा पाठ आहे, तो एखाद-दोन धडे बिनघोर बाजूला ठेवतो आणि तरी भरपूर गुण मिळवू शकतो. शाळांतून, क्लासांतून हा सल्ला राजरोस दिला जातो आणि बोर्डापुरता तो शहाणपणाचाही आहे. एमएचटी-सीईटीत मात्र ५० पैकी ५० प्रश्न समोर येतात. बाजूला ठेवलेला धडा तिथे हमखास भेटतो.

त्याहून मोठी वस्तू जी ऑप्शनला टाकली जाते, ती म्हणजे अख्खी अकरावी. दहावीला दमलेले मूल अकरावीत विसावते. परीक्षा कॉलेजचीच, पेपर काढणारे सर ओळखीचे, आणि घरीही ‘पुढच्या वर्षी बारावी आहे, आता जरा राहूदे’ असाच सूर असतो. सीईटीत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे येतात. पीसीएम गटात याचा हिशेब दोनशेपैकी चाळीस गुणांवर जातो. प्रकाशाचा धडा, म्हणजे वरचा तलावाचा प्रश्न, अकरावीचाच. गुरुत्वाकर्षण, गतीचे नियम, त्रिकोणमिती, सरळ रेषा, वर्तुळ, क्रमचय-संचय, हे सगळेही अकरावीचे. बारावीच्या डिसेंबरात ही पुस्तके पुन्हा माळ्यावरून काढणारी मुले दरवर्षी असतात.

मग वेळ. फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न, ९० मिनिटे. भागाकार केला तर प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताला ५० प्रश्न आणि तितकीच मिनिटे, पण तिथे प्रश्नाला दोन गुण आणि १०८ सेकंद. पहिली ९० मिनिटे संपली की पहिला भाग आपोआप बंद होतो आणि मागे जाता येत नाही. म्हणून केमिस्ट्रीतले आठवणीचे प्रश्न तीस-पस्तीस मिनिटांत उरकून उरलेला वेळ फिजिक्सला देणे, ही साधी वाटणारी युक्ती खूप उपयोगी पडते. ती वाचून येत नाही. घड्याळ लावून, मध्ये मोबाइलला हात न लावता सलग तीन तास बसून पंधरा-वीस पेपर सोडवले तर अंगवळणी पडते. लातूर पॅटर्नचे एवढे नाव झाले, त्यामागचे सगळ्यात मोठे गुपित हेच चाचणीमागून चाचणीचे आहे, आणि ते घरी करायला बंदी नाही.

पेपर सोडवण्यापेक्षा सोडवल्यानंतरचा तास महत्त्वाचा. त्यासाठी एक वेगळी वही लागते, चुकांची. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे कारण लिहायचे : येतच नव्हते, येत होते पण प्रश्न नीट वाचला नाही, आकडेमोड घसरली, की वेळ संपला. चार-पाच पेपरांनंतर वहीच बोलू लागते. ज्याच्या वहीत ‘वाचला नाही’ हेच वीस वेळा आले, त्याला आणखी एका क्लासची गरज नाही. त्याला प्रश्नाची शेवटची ओळ कच्च्या कागदावर लिहून तिच्याखाली एक रेघ मारायची सवय हवी. तलावाच्या प्रश्नातली मुलगी याच रांगेतली.

अंदाजाने उत्तर द्यावे का, यावर घरोघरी वाद असतो आणि दोन्ही बाजू बहुधा वेगवेगळ्या परीक्षांबद्दल बोलत असतात. सीईटीत चुकीला वजा गुण नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे हातचे गुण टाकून येणे. नीटमध्ये बरोबरला ४ आणि चुकीला वजा १. तिथे ‘येत नसेल तर हात लावू नको’ हा सल्ला सर्रास दिला जातो. हिशेब करून पाहावा. वीस प्रश्न डोळे मिटून सोडवले तर सरासरीने पाच बरोबर येतील, वीस गुण, आणि पंधरा चुकतील, वजा पंधरा. हाती पाच उरतात, पण दैव फिरले तर वजा वीसही होऊ शकतात. याउलट चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर अशा वीस प्रश्नांत दहा बरोबर, दहा चूक, म्हणजे तीस गुणांचा फायदा. सल्ला मग असा होतो : डोळे मिटून नको, दोन पर्याय खोडता आले तर जरूर.

भाषेचा गुंता मालवण तालुक्यात जवळजवळ प्रत्येक घरात आहे. दहावीपर्यंत ‘त्वरण’, ‘संवेग’, ‘अपवर्तनांक’ म्हणणारे मूल कुडाळला किंवा मालवणला अकरावीच्या वर्गात बसते आणि ‘अ‍ॅक्सिलरेशन’, ‘मोमेंटम’, ‘रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स’ ऐकते. सेमी-इंग्रजीवाल्यांना हा झटका कमी बसतो, बाकीच्यांचे पहिले सहा महिने शब्दांतच जातात. सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मराठीतून घेता येते, गणित फक्त इंग्रजीत असते. नीटही मराठीत मिळते, पण अनुवादात शंका आली तर इंग्रजी प्रश्नच ग्राह्य धरतात. दोन वर्षे इंग्रजीतून शिकून फॉर्म भरताना ‘आपली भाषा बरी’ म्हणून मराठी निवडणारा विद्यार्थी ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे मराठी शब्द पाहून गांगरतो. ज्या भाषेत सराव केला त्याच भाषेत पेपर घ्यावा, मग ती कोणतीही असो.

क्लाससाठी घर सोडणे सगळ्यांना परवडत नाही, आणि त्याची सक्तीही नाही. आयआयटी कानपूरने केंद्राच्या शिक्षण मंत्रालयासाठी २०२३ मध्ये सुरू केलेले ‘साथी’ हे पोर्टल जेईई-नीटसाठी मोफत आहे. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, नॉन-क्रिमिलेअरमध्ये बसणाऱ्या मुलांना ‘महाज्योती’ प्रशिक्षणासोबत टॅब आणि इंटरनेट डेटा देते. त्यासाठी दहावीचा निकाल लागताच जाहिरातीवर लक्ष ठेवावे लागते. पावसाळ्यात इथे वीज आणि रेंज दोन्ही एकदम जातात, तेव्हा पेपर आधीच उतरवून आणि छापून ठेवलेले बरे.

सगळ्यात अवघड मात्र दिवसांचे गणित. बोर्ड फेब्रुवारी-मार्चचे, आणि त्याच दिवसांत आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा. २०२५ मध्ये ती २२ फेब्रुवारीला, म्हणजे ऐन बारावीच्या परीक्षेत आली होती. त्यानंतर सीईटी आणि नीट एप्रिल-मे मध्ये. हेच दिवस काजूचे, आंब्याचे आणि मालवणात पर्यटकांचे. ज्या घरात न्याहारी-निवासाच्या खोल्या आहेत तिथे मे महिन्यात पाहुण्यांना खोली आणि मुलीला अभ्यासाचा कोपरा, दोन्ही देता देता आईची दमछाक होते.

आणि परीक्षेहून परतल्यावर वाटेत कोणी तरी विचारतेच, “काय गो, पेपर कसो गेलो?” बोर्डाच्या बाबतीत या प्रश्नाला उत्तर असते. सीईटी अनेक दिवस, अनेक सत्रांत होते आणि निकाल येतो पर्सेंटाइलमध्ये. २०,००० जणांच्या सत्रात १२० गुण मिळाले आणि १८,००० जण तेवढ्यावर किंवा खाली राहिले, तर ९० पर्सेंटाइल. तितक्याच मोठ्या दुसऱ्या सत्रात पेपर सोपा आला, तेवढ्यावर किंवा खाली १५,००० च राहिले, तर तेच १२० गुण ७५ वर येतात. आपला पेपर कसा गेला हे बाकीच्यांचा कसा गेला यावर ठरते, आणि ते बाकीचे नांदेडला, नाशिकला, नागपूरला बसलेले असतात. “बरो गेलो,” एवढेच म्हणून ती पुढे जाते.

(पुढील लेखांक : पर्सेंटाइल हाती आल्यावर कॅप फेरीत पसंतीक्रम कसा भरावा, आणि ओरोसच्या मेडिकल कॉलेजात सिंधुदुर्गच्या मुलांसाठी वेगळ्या जागा आहेत या समजुतीत किती तथ्य आहे.)