सदाफुली
सदाफुली (शास्त्रीय नाव: कॅथरँथस रोझियस) हे कण्हेरीच्या कुळातील बहुवर्षायू फुलझाड असून त्याचे मूळस्थान मादागास्कर बेट आहे. यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते, तरीही सदाफुली अल्प पाण्यावर फुलत राहते. तिला खरा धोका पावसाळ्याचा असतो. जिल्ह्यातील कापसाच्या काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात. म्हणून रोपे उंच वाफ्यात, मुरूम किंवा वाळू मिसळलेल्या मातीत लावावीत. खत फार दिल्यास पाने माजतात व फुले घटतात. गळलेल्या काळ्या बियांपासून भिंतीच्या फटीतही रोपे उगवतात. पाने कडू असल्याने जनावरे त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. याच वनस्पतीपासून व्हिन्क्रिस्टीन व व्हिन्ब्लास्टीन ही कर्करोगावरील औषधे मिळतात. मात्र ती विषारी असल्याने मधुमेहासाठी पाने चावून खाण्याचा घरगुती उपाय धोकादायक आहे.