चरणारा सोबती

बिद्रीच्या शिवारात ससा बहुतेकांना पहिल्यांदा दिसतो तो उसाच्या फडात. दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचा हंगाम सुरू होतो, तोडकऱ्यांचे कोयते फडाच्या शेवटच्या सऱ्यांपर्यंत येतात आणि आतला ससा एकदम उसळून बांधापलीकडे दिसेनासा होतो. कधी पाचटात पिल्लू सापडतं. पोरं ते घरी आणतात, बशीत गाईचं दूध ठेवतात. अशी पिल्लं सहसा जगत नाहीत.

ते पिल्लू बहुतेक वेळा पोरकं नसतंच. रानसशाची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतात. आपल्या वावरण्याने शत्रूला माग लागू नये म्हणून आई दिवसभर लांब राहते आणि पाजण्यापुरती, बहुधा अंधार पडल्यावर, येते. तेव्हा पिल्लू जवळच्याच बांधावर गवतात ठेवून बाजूला व्हावं. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानससा संरक्षित आहे. त्याला पकडणं आणि पाळणं हा गुन्हा आहे.

बाजारात जोडीने विकला जातो तो पांढरा ससा वेगळाच प्राणी. तो युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. त्याची गुणसूत्रं ४४, आपल्या रानसशाची ४८. त्याची पिल्लं बिनकेसांची आणि मिटल्या डोळ्यांची जन्मतात. घरात पाळायचा तो हाच. आणि त्याला आणताना लोक मनात कुत्र्या-मांजराचं चित्र धरून बसतात, तिथे सगळं बिघडतं.

कुत्रं आणि मांजर दोघंही शिकाऱ्यांच्या वंशातले. कुत्रं माणसाबरोबर किमान पंधरा हजार वर्षं आहे. आपण बोट दाखवलं तर ते बोटाच्या दिशेने बघतं. मांजर धान्याच्या कोठारातल्या उंदरांमागे आलं आणि राहिलं. ससा मात्र शिकार होणाऱ्यांतला. माणसाने तो पाळला मांसासाठी आणि कातड्यासाठी. सोबतीला म्हणून घरात घेतला तो अगदी अलीकडे. वरून झेपावून कुणी उचललं की त्याच्या दृष्टीने ती घारच असते. म्हणून त्याला उचलून कुरवाळण्याचा हट्ट धरू नये, कान धरून तर कधीच उचलू नये. घाबरून त्याने मागचे पाय झाडले तर त्याचा नाजूक कणा मोडू शकतो. आपण जमिनीवर बसावं आणि त्याला आपल्याकडे येऊ द्यावं.

तो येतो, हे मी खात्रीने सांगते. हनुवटी पायाला घासून जातो, म्हणजे आपला वास लावून ठेवतो. सुखात असला की उडी मारून हवेतच अंग पिळतो. कपाळावरून हात फिरवला की दात हलके घासतो. मांजराच्या घुरघुरण्याचीच ही तऱ्हा. धोका वाटला की मागचा पाय जमिनीवर आपटतो. कुत्र्यासारखा तो दारात स्वागताला धावणार नाही, राखण करणार नाही. पण एका कोपऱ्यात गवत घातलेला ट्रे ठेवला तर तिथेच शी-शू करायला शिकतो.

गुरं पाळणाऱ्या घराला सशाचं पोट समजायला जड जाऊ नये. त्याचे दात जन्मभर वाढतात आणि झिजतात ते गवत चावूनच. त्याच्या आहाराचा मोठा भाग वाळलेलं गवत आणि हरळीच हवी. गाजर क्वचित एखादा तुकडा. ऊस, गूळ, बिस्किट नको. तो आपल्याच काही मऊ लेंड्या परत खातो. तो आजार नव्हे, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. त्याला उलटी होऊ शकत नाही. अर्धा दिवस त्याने काहीच खाल्लं नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर उद्यावर ढकलू नये. आणि कुत्र्या-मांजराला चालणारं औषध सशाला चालेलच असं नाही: पोटातून दिलेलं पेनिसिलिन त्याचा जीव घेऊ शकतं. म्हणून ससा आणण्याआधीच, सशावर उपचार करण्याचा अनुभव असलेला पशुवैद्य कुठे आहे ते विचारून ठेवावं.

उन्हाळा त्याला फार जड जातो. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर जाते. पारा तिशीच्या पुढे गेला की धाप लागते. एप्रिलमधल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला पिंजरा म्हणजे छळ आहे, मग तो कितीही सुंदर रंगवलेला असो.

घरात कुत्रं असेल तर जास्त जपायला हवं. आपल्या भागात हौसेने पाळली जाणारी कारवान आणि मुधोळ कुत्री पिढ्यान्‌पिढ्या सशामागे धावण्यासाठीच जोपासली गेली. त्यांच्यासमोर पळता ससा सोडून ती सवय मोडेल अशी आशा धरणं योग्य नाही.

ससा एकटा कुढतो, सोबत मागतो. पण नर-मादी एकत्र ठेवले तर सुमारे ३१ दिवसांत पिल्लं होतात आणि व्यालेली मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते. तेव्हा नसबंदीचं आधी बघावं. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो. पाचवीतल्या मुलाने हट्टाने आणलेला ससा तो मुलगा गारगोटीला किंवा कोल्हापूरला कॉलेजात जाईल तेव्हाही घरात असेल. त्या वर्षांत त्याला रोज गवत कोण घालणार, हे आणण्याच्या दिवशीच घरातल्या मोठ्यांनी आपसांत ठरवून ठेवावं.